मदत हवी आहे: आईच्या हृदयाच्या ऑपरेशनमध्ये स्नायू शिथिल करणारं औषध कोणतं बरं?

नमस्कार. आम्ही अमळनेरचे. आईला लहानपणी सांधेताप झाला होता, त्यामुळे मायट्रल झडप आकसली आहे. नाशिकला झडप बदलायचं ठरलंय. क्रिएटिनिन १.९ आहे, म्हणजे किडनी कमजोर, आणि दम्याचा पंपही चालू आहे. आई चिरफाडीला घाबरत नाही, पण "माले गुंगीनीच भीती वाटस" हेच सारखं म्हणते.

मी शिरपूरला बी.फार्म. केलं, म्हणून औषधांची नावं माहीत आहेत आणि काळजी त्यामुळेच जास्त. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांपैकी पॅनक्युरोनियम व्हेगस नर्व्हचा (नाडी मंद ठेवणाऱ्या नसेचा) लगाम सैल करतं, नाडी वाढते. फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाच्या मोठ्या डोसने मंदावलेली नाडी सावरायला ते मुद्दाम वापरत. पण आईच्या अरुंद झडपेतून रक्त खाली उतरायलाच वेळ लागतो. नाडी पळाली की तेवढी सवड मिळत नाही आणि रक्त फुप्फुसाकडे तुंबतं. शिवाय ते बरंचसं किडनीवाटे बाहेर पडतं. ॲट्राक्युरियमला किडनी लागत नाही, पण ते भरकन दिलं तर हिस्टामिन (ॲलर्जीत अंगात सुटणारं रसायन) सुटतं, बीपी उतरतं आणि दमेकऱ्याची छाती आवळू शकते. मग व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम की सिसॲट्राक्युरियम? आणि हार्ट-लंग मशीनवर शरीर थंड करतात तेव्हा औषधाचा असर लांबतो का? भूलतज्ज्ञांना भेटायचंय, नेमकं काय विचारू?

प्रतिसाद (भूलतज्ज्ञ, धुळे):
ताई, तुमची शंका रास्त आहे. अशा पेशंटला मी सिसॲट्राक्युरियम पसंत करतो: नेहमीच्या डोसला हिस्टामिन जवळपास सुटत नाही, नाडी-बीपी जागेवर राहतं, किडनीवर भिस्त नाही. व्हेक्युरोनियमही हृदयाला सौम्य, पण फेंटानिलसोबत नाडी फार मंदावू शकते आणि किडनी कमजोर असली तर असर रेंगाळतो. थंडीत असर लांबतोच. सिसॲट्राक्युरियमचं विघटन तापमानावर आणि रक्ताच्या आम्लतेवर चालतं. म्हणून आम्ही मनगटाजवळच्या नर्व्हला बारीक करंट देऊन अंगठा किती हलतो ते बघतो आणि मगच पुढचा डोस देतो. तसंही ऑपरेशननंतर आई काही तास आयसीयूत व्हेंटिलेटरवर असतील, घाईने असर उतरवायची गरज सहसा पडत नाही.

खरं सांगायचं तर बीपी जास्त उतरतं ते गुंगीच्या औषधाने, आणि नळी घालताना भूल हलकी असली तर नाडी उसळते. तेव्हा "नाडी आटोक्यात कशी ठेवणार?" हे आधी विचारा. पंप, डिगॉक्सिन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळ्या पट्ट्या सोबत न्या. स्वतःहून एकही बंद करू नका. आधी कुठल्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं असेल तर तेही न विसरता सांगा.