'प्सुखे'ला मराठीत काय म्हणावे : आत्मा, जीव की मन?

प्रश्न : डेमोक्रिटस आणि एपिक्युरस या ग्रीक अणुवादी (सारे काही अणूंचे बनलेले मानणाऱ्या) तत्त्वज्ञांविषयी मराठीत लिहिताना ग्रीक 'प्सुखे'साठी (इंग्रजीतून आपल्याकडे आलेला उच्चार 'सायकी') सहसा 'आत्मा' वापरतात. मग 'मृत्यूनंतर आत्म्याचे अणू विखुरतात' असे वाक्य येते आणि वाचणारा अडखळतो. याहून नेमका शब्द कोणता?

उत्तर : 'आत्मा' नकोच. आपल्याकडचा आत्मा न तुटणारा, न जळणारा, देह पडला तरी उरणारा. अणुवाद्यांचे सगळे म्हणणे याच्या बरोबर उलट आहे. आब्देराच्या डेमोक्रिटसने (इ.स.पू. सुमारे ४६० ते ३७०) प्सुखे अणूंचीच बनलेली मानली. हे अणू गोल, अग्नीच्या जातीचे, म्हणून सतत हलणारे आणि देहाला हलवणारे. अ‍ॅरिस्टॉटल हे मत सांगताना कवडशात तरंगणाऱ्या धूलिकणांचा दाखला देतो. एपिक्युरसच्या (इ.स.पू. ३४१ ते २७०) मते ती साऱ्या देहात पसरलेली एक अतिसूक्ष्म वस्तू आहे, देह मोडला की तीही विखुरते आणि संवेदना संपते. मृत्यूचे भय बाळगू नये हा त्याचा उपदेश याच्यावरच उभा आहे. भाषांतरात 'आत्मा' लिहिला की तो पायाच ढासळतो.

मी 'जीव' सुचवतो. मराठीत जीव जातो, घाबरा होतो, हातापायांतला जीव गेल्यासारखे होते. म्हणजे तो देहभर असतो आणि संपूही शकतो.

शंका : मग 'प्राण' का नको? डेमोक्रिटसने श्वासाला फार महत्त्व दिले होते ना?

उत्तर : दिले होते, पण श्वास म्हणजे प्सुखे असे तो म्हणत नाही. भोवतालची हवा देहाला दाबते आणि आतले गोल अणू बाहेर ढकलते. श्वासाबरोबर तसेच अणू आत येतात आणि आतल्यांना थोपवून धरतात. हे थांबले की मृत्यू. श्वास इथे राखणदार आहे. एपिक्युरस वाऱ्याशी आणि उष्णतेशी साम्य सांगतो, पण त्याहून सूक्ष्म असा आणखी एक भागही मानतो. 'प्राण' त्याला अपुरा पडतो.

शंका : आणि मन?

उत्तर : इथे लेखकागणिक निर्णय घ्यावा लागेल. डेमोक्रिटसच्या बाबतीत प्सुखे आणि 'नूस' (बुद्धी, मन) एकच, असे अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. एपिक्युरसची शिकवण काव्यात मांडणारा रोमन कवी ल्युक्रेशियस मात्र लॅटिनमध्ये दोन शब्द वापरतो : 'आनिमुस' छातीत वसणारे, विचार करणारे, हुकूम देणारे, 'आनिमा' अंगभर पसरलेली, त्या हुकमाने हलणारी. दोन्ही मिळून एकच द्रव्य. पुरावा म्हणून तो भीतीचे उदाहरण देतो : मनाला जबर धक्का बसला की घाम फुटतो, जीभ अडखळते, पाय लटपटतात. म्हणून आनिमुस म्हणजे 'मन', आनिमा म्हणजे 'जीव'. पुढे तो वारा, उष्णता आणि हवा यांच्या जोडीला चौथा, नाव नसलेला घटक सांगतो आणि त्याला 'आनिमाची आनिमा' म्हणतो. 'जिवाचाही जीव' हे मराठीत किती सहज बसते पाहा!

शंका : पण 'मी' या सगळ्यात कुठे? तिथे तरी 'आत्मा' लागेलच.

उत्तर : तिथे तर मुळीच नको. ल्युक्रेशियसचा 'आम्ही' म्हणजे देह आणि जीव यांचा जुळलेला संसार. त्यातला एकटा जीव म्हणजे आम्ही नव्हे. तो आणखी पुढे जातो. समजा, अनंत काळाने आपलेच सगळे अणू पुन्हा आज आहेत तसेच जुळून आले. तरी त्याच्याशी आपला संबंध नाही, कारण मधल्या काळात स्वतःच्या स्मरणाचा धागा तुटलेला असेल. अणुवाद्याने असे म्हणावे हे मला विलक्षण वाटते. तेच अणू, तीच रचना, तरीही तो 'मी' नाही. इथे साधे 'आपण' किंवा 'मी' लिहावे. फार तर 'स्व'.

पुरवणी : 'मन' वापरताना एक तळटीप द्यावी. आपल्याकडच्या वैशेषिक दर्शनात मन अणुरूप आहे आणि आत्मा सर्वव्यापी, अणूंनी न बनलेला. 'अणू' आणि 'मन' शेजारी दिसले की अभ्यासू वाचकाला तेच आठवेल. तिथे मन हा एक अणू. एपिक्युरसकडे मन अनेक अणूंच्या मेळातून झालेले आणि छातीत ठाण मांडून बसलेले.