टेफ्लॉन, मार्माइट आणि 'विकली गेलेली' इंग्रजी

लीड्सकर: कालच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय की इंग्रजीत ब्रँडची नावं विशेषणं होतात, म्हणजे कंपन्यांनी भाषाच विकत घेतली. अहो, १९८३ साली अमेरिकी खासदार पॅट श्रोडरबाईंनी राष्ट्राध्यक्ष रेगनच्या कारभाराला 'टेफ्लॉन' म्हटलं, ते काय तवे खपावेत म्हणून? कितीही भानगडी होवोत, या गड्याला काही चिकटत नाही! मुलांसाठी अंडी करताना हे सुचलं, असं बाईंनीच सांगितलंय. आणि भाषा विकत घेतली होती, तर २००३ मध्ये मेरियम-वेब्स्टरने शब्दकोशात 'मॅकजॉब' (कमी पगाराची, पुढे वाव नसलेली नोकरी) छापल्यावर मॅक्डोनाल्ड्सने थयथयाट कशाला केला?

खडूस_काका: मॅकजॉब नाम आहे. धागा विशेषणांचा. मार्माइटचं बोला, ते पावाला लावायचं ब्रिटिश यीस्टचं चाटण. कशालाही 'मार्माइट' म्हटलं की 'आवडेल नाहीतर डोक्यात जाईल', हा अर्थ कंपनीच्याच जाहिरातींनी रुजवला. २०१३ मध्ये ब्रिटनच्या कॅमेरनने आपल्या आघाडी सरकारला 'रॉनसील डील' म्हटलं, तेही रॉनसील या लाकडाच्या रंगाच्या 'डब्यावर लिहिलंय तेच करतो' या जाहिरातीवरून. पंतप्रधान डब्यावरचा मजकूर बोलतो, आणि म्हणे भाषा विकली नाही!

रेघोट्या: काका, मार्माइट खाल्लंयत कधी? घरमालकिणीने पहिल्याच सकाळी बरणी पुढे केली. मी काकवी समजून चमचाभर तोंडात टाकलं. नुसतं खारट डांबर! त्याला जाहिरात लागत नाही.

कॉलग्रस्त: ते सोडा. आमचा अमेरिकन मॅनेजर 'कूल-एड प्यायलेली टीम' म्हणतो, म्हणजे सरबताची पूड प्यायल्यासारखी आंधळी निष्ठा असलेली, तेही कौतुकाने! १९७८ साली गयानातल्या जोन्सटाउनमध्ये एका पंथाची ९०० वर माणसं मेली, बहुतेक सरबतात कालवलेल्या सायनाइडने. त्यात शेकड्यांनी पोरं. वर ते सरबत बहुतेक फ्लेव्हर-एड या दुसऱ्याच ब्रँडचं होतं. बदनाम झालं कूल-एड.

खडूस_काका: पुन्हा विषयांतर.

कॉलग्रस्त: मग काय मेलेल्यांचं व्याकरण तपासत बसू?

रेघोट्या: मॅनेजरला तोंडावर सांगितलंत का हे?

कॉलग्रस्त: अप्रेझल झाल्यावर सांगेन.

लीड्सकर: हा हा. वाघ!

कॉलग्रस्त: तुम्ही भरा माझे हप्ते, उद्या सांगतो.

पाटीवाला: ट्रेडमार्कचे वकील तर ब्रँड विशेषण म्हणूनच वापरा म्हणतात. 'क्लीनेक्स टिश्यू' म्हणा, नुसतं 'क्लीनेक्स' नको. वस्तूचंच नाव होऊन बसलं की हक्क जायची भीती. ओटिस कंपनीचं 'एस्केलेटर' हे नाव १९५० मध्ये असंच गेलं.

खडूस_काका: बघा! कंपन्यांना विशेषणच हवं असतं. मी दुसरं काय म्हणत होतो?

पाटीवाला: टिश्यूपुढे हवं असतं हो, राष्ट्राध्यक्षापुढे नाही.

खडूस_काका: बरं, टेफ्लॉन दिलं तुम्हाला. सत्कार करा स्वतःचा. मार्माइटवरून मी हटणार नाही.

रेघोट्या: आधी खाऊन या.