महिन्यातून एकदाच भेटणाऱ्या ग्रुपसाठी टेबलटॉप आरपीजी सुचवा

वीसबाजू
लोकहो, जरा सल्ला हवाय. कॉलेजपासून टेबलटॉप रोलप्लेइंग (आरपीजी: टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि बोलून, फासे टाकून गोष्ट पुढे न्यायची) खेळतोय, खरं तर खेळण्यापेक्षा खेळवलंयच जास्त, कारण कुठल्याही ग्रुपात जीएम (गेम मास्टर, गोष्ट चालवणारा) व्हायला कोणी तयार नसतं आणि ते शेवटी माझ्याच गळ्यात पडतं. एकेकाळी वर्षानुवर्षं चालणारी कॅम्पेन्स (अनेक बैठकांची एकच सलग गोष्ट) केली, नकाशे, राजघराण्यांच्या वंशावळी, देवांचे रुसवेफुगवे, सगळं वह्या भरभरून. आता सगळ्यांना नोकऱ्या, पोरंबाळं, आणि हल्ली जे सुरू करतो ते तिसऱ्या-चौथ्या सेशनला गचकतं. भांडणं वगैरे काही नाही, नुसती तारीख जुळत नाही.

परत जमवायचा विचार आहे. जुने दोघं आहेत, त्यातल्या एकाची बायको आहे (फासा कधी हातात धरलेला नाही पण नाटकात कामं केलीयत), ऑफिसातला एक पोरगा आहे ज्याने कॉम्प्युटरवरचे आरपीजी कोळून प्यायलेत, आणि माझी मुलगी, वय तेरा. महिन्यातून एकदा, फार तर तीन तास मिळतील. आठवडाभर तयारी करत बसणं मला आता जमणार नाही. डीअँडडीच (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ) घ्यावं का दुसरं काही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रात्रपाळी
डीअँडडी. जास्त विचार करू नका. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केलेत, फुकटात मिळतात, आणि तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला हिट पॉइंट, लेव्हल वगैरे समजावत बसावं लागणार नाही.

नकाशेवाली
सिस्टिमचं नंतर बघू, आधी तारखेचं बघा. "कोणाला कधी जमतंय" हे विचारणं कायमचं बंद करा, सहा जणांना सोयीची तारीख या जन्मात सापडत नाही. दुसरा शनिवार म्हणजे दुसरा शनिवार, तिघं आले तरी खेळ होणार, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका आणि खरोखर तिघं आले त्या दिवशी खेळवून दाखवा. एकदा ते झालं की बाकीचे आपोआप येतात, आपल्याशिवाय मजा झाली हे कोणालाच सहन होत नाही.

पण मग खेळाची बांधणीही तशी हवी. ठरलेले पाच हिरो आणि त्यांची एक सलग मोठी गोष्ट असं केलंत की एकाने टांग मारली की सगळं अडलं. वेस्ट मार्चेस पद्धत बघा, बेन रॉबिन्सने सविस्तर लिहिलीय. एक सुरक्षित गाव, बाहेर न पाहिलेला मुलूख, त्या दिवशी जे आलेत ते ठरवणार कुठे जायचं, आणि सेशन संपायच्या आत सगळे परत गावात. जो आला नाही त्याचं पात्र गावातच होतं, विषय संपला. पुढच्या खेपेला कुठे जायचंय ते खेळाडूंनी उठायच्या आधी सांगायचं, म्हणजे तुम्हाला तेवढाच तुकडा तयार ठेवावा लागतो, अख्खं जग नाही. वंशावळींची वही माळ्यावरच राहू द्या.

हे काही नवीन खूळ नाहीये बरं का. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी काढलेल्या डीअँडडीच्या १९७४ च्या मूळ पेटीत एका कॅम्पेनला चार ते पन्नास खेळाडू चालतील असं छापलंय. पन्नास जण काही एका टेबलाभोवती बसत नाहीत, म्हणजे ये-जा गृहीतच धरली होती. तीच पाच माणसं, दर वेळी, शेवटपर्यंत, हा हट्ट नंतरचा आहे.

आणि तीन तासांतला पहिला अर्धा तास गप्पांत जाणार, त्यावर चिडू नका, खेळच अडीच तासांचा आखा. मारामारी एकच ठेवा आणि ती शेवटच्या तासात सुरू करू नका, नाहीतर पुढचा महिनाभर सगळे तलवार उगारून उभे.

दोनफासे
तारखेबद्दल +१. पण सिस्टिमने फरक पडतो हो, विशेषतः तयारीला वेळ नसेल तर. बेकर जोडप्याच्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळापासून (२०१०) जे खेळ निघाले त्यांच्यात सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, बेरीज दहा किंवा वर आली की काम फत्ते, सात ते नऊ आली की काम होतं पण किंमत मोजून, सहा किंवा खाली आली की जीएमची चाल, म्हणजे तो काहीतरी संकट आणतो. साधा हिशोब करून बघा, बेरजेत पात्राच्या गुणाचं काही अधिक-उणं नसेल तर ३६ पैकी १५ वेळा तो मधला प्रकार येतो, आणि अधिक एक असेल तर १६ वेळा. म्हणजे खेळाचा जीवच तो मधला भाग आहे. समजा तुमच्या मुलीचं पात्र या छपरावरून त्या छपरावर उडी मारतंय आणि बेरीज आली आठ. तुम्ही म्हणायचं, पोचलीस, पण लोंबकळतेयस, एका हातात चोरलेली पेटी आहे, पेटी सोडतेस का हात सरकू देतेस? आता पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला काही तयार करावं लागत नाही, ती आणि बाकीचे मिळून चालवतात. नाटकवाल्या वहिनी तर यात जाम रमतील.

मूळ अपोकॅलिप्स वर्ल्ड मात्र मोठ्यांसाठीच आहे, तेरा वर्षांच्या पोरीसमोर नको. त्याच घराण्यातलं मॉन्स्टर ऑफ द वीक घ्या, दर सेशनला एक राक्षस, एक प्रकरण, महिन्यातून एकदाला फिट बसतं.

जुनीपेटी
दोनफासेंशी अंशतः असहमत. तयारी वाचते हे खरं, पण तो सगळा भार जीएमच्या हजरजबाबीपणावर येतो. दिवसभर काम करून दमलेल्या माणसाला शनिवारी दर दहा मिनिटांनी "आता काय किंमत मोजायला लावू" सुचतंच असं नाही. आणि कॉम्प्युटरवरून आलेल्या खेळाडूला "तू काय करशील?" असं मोकळं विचारलं की तो ततपप करतो, त्याला शीटवर (पात्राची माहिती लिहिलेला कागद) बघायला काहीतरी लागतं.

माझं मत कॉल ऑफ कथुलहूला, भुताटकीच्या रहस्यांचा खेळ आहे. १९८१ पासून नियमांचा सांगाडा फारसा हललेला नाही. शीटवर "कुलूप उघडणे ४५" लिहिलंय म्हणजे शंभरात ४५ शक्यता, शतमानाचे फासे (एक ते शंभर आकडा देणारे) टाका, ४५ किंवा खाली आलं की उघडलं. नवख्याला यापेक्षा सोपं काही नाही, संख्या बघून त्याला कळतं आपण कशात तरबेज आहोत. फुकटच्या क्विक स्टार्टमध्ये (सुरुवात करून देणारी छोटी पुस्तिका) द हाँटिंग ही तयार गोष्ट आहे, संध्याकाळभराची, वाचून गेलात की झालं. भुताटकी मुलीला झेपते का ते तुम्हीच ठरवा.

एक सांगतो, रहस्य खेळवताना जस्टिन अलेक्झांडरचा तीन सुगाव्यांचा नियम पाळा. खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा त्याच्याकडे नेणारे निदान तीन सुगावे पेरायचे. पहिला हुकतो, दुसऱ्याचा भलताच अर्थ लावतात, तिसऱ्याला ट्यूब पेटते. एकच डायरी आणि ती कपाटामागे, असल्या गोष्टींनी भल्याभल्यांचे सेशन बसलेत.

वीसबाजू
सगळ्यांचे आभार, दुसरा शनिवार आत्ताच ग्रुपवर टाकला, न विचारता. आता अजून एक. दर वेळी मीच जीएम हे मला नकोय. मलाही कधीतरी नुसतं पात्र घेऊन बसायचंय. दुसऱ्याला या खुर्चीत बसवायचं कसं?

कागदपेन्सिल
जाड पुस्तक हातात दिलंत तर कोणीही पळेल. एका पानाचे खेळ द्या. जॉन हार्परचा लेझर्स अँड फीलिंग्ज बघा, सगळे नियम एका पानावर. प्रत्येक पात्राला दोन ते पाचमधला एकच आकडा. डोक्याने, यंत्राने करायचं काम असेल तर फासा त्या आकड्याच्या खाली यायला हवा, मनाने, बोलण्याने करायचं असेल तर वर. नेमका तोच आकडा आला तर जीएमला एक प्रश्न विचारायचा आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. शिकवायला पाच मिनिटं लागतात. मुलीलाच जीएम करा, या वयाची पोरं बिनधास्त निर्णय देतात, आपल्यासारखी समतोल साधत बसत नाहीत.

नाहीतर जीएमच काढून टाका. अ‍ॅव्हरी अल्डरचा द क्वायट इयर आहे (२०१३), त्यात सगळे मिळून कागदावर एका वस्तीचा नकाशा काढतात. पत्त्यांचा एक कॅट, ५२ पानं म्हणजे ५२ आठवडे. बदाम वसंत, चौकट उन्हाळा, किलवर शरद, इस्पिक हिवाळा. पान उलटायचं, त्यावरचा प्रश्न सोडवायचा, नकाशात भर घालायची. इस्पिकचा राजा निघाला की खेळ तिथेच संपतो, आणि तो कधी निघेल कोणाला माहीत नसतं, त्यामुळे हिवाळा लागला की सगळे एकदम सावध होतात. शिवाय तो नकाशा उरतो, तोच नकाशेवालींच्या वेस्ट मार्चेससाठी गाव म्हणून वापरा.

नकाशेवाली
अरे हे भारी आहे, मीच चोरणार.
अवांतर: तेरा वर्षांची मुलगी आणि मोठी माणसं एकत्र आहेत, तर जॉन स्टाव्रोपूलोसचं एक्स कार्ड टेबलावर ठेवा. कोणाला एखादा प्रसंग नको वाटला तर कार्डाला हात लावायचा, कारण विचारायचं नाही, तो भाग वगळून पुढे जायचं. पहिल्यांदा तुम्ही स्वतः वापरून दाखवा, एरवी लहान माणूस मोठ्यांच्या टेबलावर हात पुढे करत नाही.

वीसबाजू
पटलं. म्हणजे पहिल्या खेपेला द क्वायट इयर, मग त्याच गावात मॉन्स्टर ऑफ द वीक किंवा डीअँडडी, ते मतदानाला टाकतो. पात्रं घरून करून आणायला सांगू का तिथेच करू?

रात्रपाळी
डीअँडडी ठरलं तर तिथे करू नका, पहिला अख्खा सेशन शीट भरण्यात जाईल आणि वहिनी परत येणार नाहीत. पहिल्या लेव्हलची पात्रं तुम्हीच भरून न्या, पाचाच्या ठिकाणी आठ, म्हणजे निवडायला वाव राहतो. नाव, आणि गावात कोणाशी वाकडं आहे, एवढ्या दोन जागा कोऱ्या ठेवा, त्या टेबलावर बसल्यावर भरून घ्या.