मदत हवी आहे: बँकेच्या रोलमधून चांदीची नाणी शोधायची आहेत, बाबांच्या हाती तीनच आठवडे

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते. बाबा (वय ७६) सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले आहेत आणि परतीचं तिकीट तीन आठवड्यांवर आलंय. प्रश्न त्यांच्यासाठी आहे. जरा मागचं सांगते, म्हणजे नीट कळेल.

आई गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच खेप. आम्ही दोघं कामावर, लेक शाळेत, बाहेर बर्फ. दिवसदिवस खिडकीशी बसून असायचे. जानेवारीत एकदा माझ्याबरोबर बँकेत आले. लेकीला दाखवायला म्हणून मी अर्ध्या डॉलरची नाणी आहेत का विचारलं, तर काउंटरवरच्या बाईंनी ड्रॉवरमधली सुटी दहा नाणी काढून दिली. घरी आल्यावर बाबांनी ती एकेक करून ओट्याच्या ग्रॅनाइटवर टाकली. आठ नाणी टप्प करून पडली. नववं पडलं आणि त्याचा आवाज कितीतरी वेळ रेंगाळला. बाबांनी मला हाक मारली, "अगं, इकडे ये. हा बंदा आहे. साल बघ." साल होतं १९६४.

आजोबा सराफ कट्ट्यावर एका पेढीवर दिवाणजी होते. बाबा शाळा सुटली की तिथे जाऊन बसायचे. गिऱ्हाइकाने मोडायला आणलेला राणीछाप रुपया दगडावर वाजवून घेताना त्यांनी शेकडो वेळा ऐकलाय. तो कान अजून शाबूत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी वाचून काढलं. अमेरिकेत १९६४ पर्यंतच्या डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफमध्ये (अर्धा डॉलर) ९० टक्के चांदी असे. १९६५च्या कायद्याने डाइम-क्वार्टरमधली चांदी पूर्ण काढली, हाफमध्ये ४० टक्के ठेवली, आणि १९७१पासून तीही गेली. ही नाणी आजही चलनात आहेत. बँक ती दर्शनी किमतीलाच देते आणि तेवढ्यालाच परत घेते, म्हणजे दहा डॉलरचा वीस हाफचा रोल (कागदात बांधलेली नाण्यांची गुंडाळी) फोडून काही नाही निघालं तरी दहाचे दहा हातात. बाबांना हा हिशोब फार आवडला.

आतापर्यंत आम्ही तीन बॉक्स बघितले. एका बॉक्समध्ये ५० रोल, १००० नाणी, ५०० डॉलर. तीन हजार नाण्यांत ९० टक्क्यांचं एक आणि ४० टक्क्यांची पाच मिळाली. कमी असतील, पण बाबा सकाळी आंघोळ-पूजा उरकून ओट्याशी उभे राहतात, दुपारी नातीला आकडे सांगतात. ते मला खूप आहे.

आता अडचण. गेल्या आठवड्यात शाखेतल्या साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं की आम्ही नाणी मागवतो आणि परत आणून टाकतो, हे चालणार नाही. बाबांना इंग्रजी सगळं समजतं. तेव्हापासून "राहू दे, तुला त्रास नको" असं चाललंय. इथे कुणी हे करतं का? बँकेला त्रास न होता कसं करावं? हाफचा नाद सोडून डाइम किंवा क्वार्टर घ्यावे का? बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, डाइमवरचं साल वाचणं त्यांना जड जातं.

आणखी एक. १९६७च्या हाफला बाबा चांदीचा मानायलाच तयार नाहीत. वाजवून म्हणतात, "खोटं आहे." स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो ११ ग्रॅम दाखवतो, साधा हाफही ११च. खरं काय ते कसं ठरवू?

प्रतिसाद

ताई, आधी साहेबांचं. तो माणूस कसाही बोलला असला तरी त्याची अडचण खरी आहे. बॉक्स मागवायला शाखेला खर्च येतो आणि परत आलेली सुटी नाणी पुन्हा मोजून-बांधून पाठवावी लागतात. मी दहाएक वर्षं हे करतोय. माझा नियम एकच, जिथून घ्यायची तिथे परत द्यायची नाहीत. दुसऱ्या बँकेत खातं उघडा, शक्यतो नाणी मोजायचं यंत्र असलेल्या शाखेत, आणि परतीची नाणी तिथे भरा.

आणि बॉक्स सोडाच. यंत्राने बांधलेल्या हाफच्या रोलमध्ये बऱ्याचदा कोरी नाणीच निघतात. २००२ ते २०२० हाफ फक्त संग्राहकांसाठी पाडत होते, २०२१पासून परत चलनासाठी पाडू लागले. तुम्ही शाखेत जाऊन 'कस्टमर रोल' आहेत का विचारा, म्हणजे गिऱ्हाइकांनी घरी हाताने बांधून आणलेले. कुणाच्या आजीची बरणी, कुणाचा जुना गल्ला त्यात असतो. हे देऊन टाकायला शाखा राजी असते, मागवावं काहीच लागत नाही.

डाइम जरूर घ्या. साल वाचायची गरज नाही. रोल फोडला की पन्नासही डाइम एका ओळीत उभे लावा, कडा वर. १९६५नंतरच्या प्रत्येकाच्या कडेला तांब्याची लाल रेघ असते, आतला गाभा तांब्याचा आहे म्हणून. चांदीचा डाइम असेल तर त्या लाल रांगेत एकच कड पांढरी दिसते. बाबांना चष्म्याशिवायही दिसेल. क्वार्टरलाही हेच. फक्त पाच सेंटच्या निकलला ही युक्ती चालत नाही. १९४२ ते ४५मधल्या काही निकलमध्ये ३५ टक्के चांदी आहे. ते मागच्या बाजूने ओळखायचे, इमारतीच्या घुमटावर मोठं पी, डी किंवा एस अक्षर असतं.

किराणा दुकानात नाणी मोजायची यंत्रं असतात, त्यांच्या परतीच्या कप्प्यात बोट फिरवून बघत जा. चांदीचं नाणं वजनाला वेगळं, म्हणून यंत्र ते बऱ्याचदा बाहेर टाकतं आणि लोक तसंच सोडून जातात.

सापडलेलं नाणं घासू-धुवू नका, पितांबरी तर अजिबात नको.

प्रतिसाद

१९६७च्या हाफबद्दल. बाबांना कृपया सांगा की त्यांचा कान चुकलेला नाही.

तो हाफ एकजिनसी नाही. वरचे दोन थर ८० टक्के चांदीचे, मधला गाभा जेमतेम २१ टक्क्यांचा, बाकी तांबं. सगळं मिळून ४० टक्के. म्हणून त्याचा नाद १९६४च्या नाण्यासारखा येत नाही आणि कडही मळकट दिसते. वजनाने ठरवायचं तर सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घ्या. ९० टक्क्यांचा हाफ १२.५० ग्रॅम, ४० टक्क्यांचा ११.५०, साधा ११.३४. स्वयंपाकघरातल्या काट्याला शेवटच्या दोन्हींतला फरक कळत नाही. शुद्ध चांदी पहिल्यात ११.२५ ग्रॅम, दुसऱ्यात ४.६.

बाबांना आपल्या रुपयाची आठवण करून द्या. राणीछाप रुपयात बारातले अकरा भाग चांदी होती, १९४०पासून सरकारने ती निम्म्यावर आणली, आणि १९४७ला तर रुपया निकेलचाच झाला. पेढीवर त्यांनी हे तिन्ही ऐकले असणार. १९६७चा हाफ त्या मधल्या रुपयाच्या जातीचा आहे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. रुपयाचं वाचलं तेव्हा ते उठले, १९६७चा हाफ परत एकदा ओट्यावर टाकला, कान लावून ऐकला आणि म्हणाले, "बरोबर आहे. खोटं नाही, हीण जास्त आहे. आमचे सहाव्या जॉर्जचे रुपये असेच वाजायचे." मग त्या पेढीवरचं त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. आजोबा डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन वाट्या ठेवायचे, आणि बाबांनी डोळे मिटून सांगायचं, वाजलेला रुपया कुठल्या वाटीत जायचा.

काल दुसऱ्या एका बँकेत गेले. हाताने बांधलेले डाइमचे तीन रोल मिळाले, तपकिरी कागदातले, एकावर पेन्सिलने पाचाचा आकडा. बाबांनी लेकीची लाकडी पट्टी ताटात ठेवली आणि तिला टेकवून पन्नास डाइम उभे लावले. पहिल्या दोन रोलमध्ये सगळी लाल रेघ. तिसऱ्यात मधोमध एक कड पांढरी. लेकीने ओरडून दाखवायच्या आत बाबांनी तो नखाने वर काढला होता. १९५७चा, मागे मशालीच्या डाव्या बाजूला बारीक डी.

काटा मागवलाय, शुक्रवारी येईल. एडिसन किंवा आसपास हाताने बांधलेले रोल देणारी एखादी शाखा कुणाला माहीत असेल तर कळवा. शनिवारी बाबांना घेऊन जायचं आहे, ते आजच विचारताहेत किती वाजता निघायचं.