वस्तरा पट्ट्यावर 'काय' करतात? क्रियापद हवंय

तर्रीपोहे:
मंडळी, सहा वर्षं झाली मी उघड्या वस्तऱ्याने दाढी करतो (अर्धी ब्लेड घालायचा नाही, अख्खं पातं असलेला) आणि त्यात काय काय शिकलो ते लिहून राहिलो. एका जागी गाडी अडली. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, होन आणि स्ट्रॉप. होन म्हणजे दगडावर घासून धार बनवणं, ते मी वर्षातून दोन-तीनदाच करतो, १००० नंबरच्या दगडापासून ८०००, मग १२००० (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). स्ट्रॉप म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर फिरवणं, ते रोज, दाढीच्या आधी ५०-६० वेळा. त्यात पोलाद झिजत नाही म्हटलं तरी चालेल, धारेचं वाकलेलं टोक फक्त सरळ होते. दगडावर धार पुढे ठेवायची, पट्ट्यावर पाठ (पात्याची बोथट कड) पुढे, आणि परतताना पाठीवरून पलटायचा. चुकलं की पट्टा कापला. माझा पहिला पट्टा तिसऱ्याच दिवशी असा गेला.
मी मराठीत दोन्हीकडे 'धार लावली' लिहिलं. आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या एका म्हाताऱ्या कारागिराला वाचून दाखवलं तर तो म्हणे, भाऊ, रोज धार लावान तर उस्तरा सहा महिन्यात संपून जाईन. मग काय म्हणू? तर म्हणे "पट्ट्यावर मारायचा". मारायचा? असं लिहितात का कुठे?

सदाशिव३०:
परजणे. तलवार परजतात तसा वस्तरा परजायचा. शब्द तयार आहे, आपण वापरत नाही इतकंच. आणि 'लिहून राहिलो' नव्हे, 'लिहितोय'.

बर्डीवाला:
झालं सुरू 😀 नागपूरचा माणूस लिहूनच राहते हो. पण परजणे म्हणजे उगारून फिरवणे ना? सकाळी सकाळी बाथरूममध्ये वस्तरा परजला तर घरचे पोलीस बोलावतील.

काटोलरोड:
आमच्या गावाकडे पाजवणे. इळा पाजवला, कुऱ्हाड पाजवून आणली. मला वाटते पाणी पाजण्यावरून आलं असन, लोहार लाल लोखंड पाण्यात बुडवते ना.

सदाशिव३०:
पाणी देणं वेगळं. त्याने पोलाद कडक होतं, धार त्यानंतर काढतात.

बर्डीवाला:
धार म्हशीची काढतात सर. वस्तऱ्याला लावतात.

धंतोलीची_नात:
आमच्या आजोबांकडे दर रविवारी न्हावीकाका घरी यायचे, काखेत धोपटी, म्हणजे त्यांची सामानाची पिशवी. पट्टा-बिट्टा काही नव्हता, ते तळहातावरच वस्तरा फिरवायचे, या अंगाने त्या अंगाने, चट् चट् असा आवाज, आणि आम्ही सगळी भावंडं आता हात कापते की मग कापते म्हणून श्वास धरून बघायचो, कधी कापला नाही. आजी आतून ओरडायची, "हातावर घेऊन राहिले ते, आता बसा पाटावर!" तर आमच्या घरी क्रियापद 'हातावर घेणे'. आणि धोपटी हा शब्द कुणाला आठवतो का? माझ्या मुलाला वाटलं धोपटायची वस्तू आहे.

तर्रीपोहे:
'हातावर घेणे' काय सुंदर आहे! पण माझ्याकडे पट्टा आहे ना. 'पट्ट्यावर घेतला' लिहिलं तर लोकांना वाटेल कंबरेला खोचून फिरते हा माणूस.

इतवारी_जुना:
पट्टा नाही, चमोटा म्हणतात त्याला. वडिलांचं दुकान होतं, खुर्चीच्या बाजूला खिळ्याला टांगलेला असायचा, एका हाताने ताणून धरायचा आणि दुसऱ्याने फटफट. मग एड्सची भीती आली, गिऱ्हाईक विचारायला लागलं नवी ब्लेड आहे का. वडिलांनी ब्लेड मधून मोडून घालायचा उस्तरा आणला. चमोटा वर्षभर तसाच टांगलेला होता, मग आईने त्याचं काय केलं माहीत नाही. तुम्ही क्रियापद शोधून राहिले, इथं वस्तूच गेली.

सदाशिव३०:
चमोटा हिंदी आहे. उस्तराही. मराठीत वस्तरा.

इतवारी_जुना:
आणि चांभार कोणत्या भाषेतला? चाम तर आपलंच ना?

अक्षरवेडा:
वस्तरा आणि उस्तरा एकच आहेत, मूळ फारसी. मराठीने पुढे व लावला. उस्तादचा वस्ताद झाला तसाच उस्तऱ्याचा वस्तरा.

काटोलरोड:
अरे बाप्पा, मी इतके दिवस समजत होतो वस्त्रावर पुसतात म्हणून वस्तरा.

सदाशिव३०:
असो. पण तुमच्याकडे 'दाढी बनवणे' म्हणतात त्याचं काय? दाढी बनवायला तो काय शिरा आहे?

बर्डीवाला:
आणि तुम्ही 'दाढी करता'. असलेली काढून टाकायची आणि म्हणायचं केली. ते बरोबर?

सदाशिव३०:
मग श्मश्रू म्हणा.

अक्षरवेडा:
संस्कृतात श्मश्रू म्हणजे दाढीमिशाच. म्हणजे श्मश्रू केली म्हटलं तरी घोळ तोच. हजामत त्यातल्या त्यात प्रामाणिक. अरबीत मुळात तुंबडी लावून रक्त काढणं, ते काम हजामच करायचे.

तर्रीपोहे:
रक्त काढणं! मग माझ्या पहिल्या महिन्याला हजामतच म्हणावं लागेल. मी साध्या रेझरसारखा जोर लावायचो. वस्तऱ्याला जोर नकोच, त्याचं वजनच पुरते, फक्त कातडी ताणून धरायची आणि पातं ३० अंशाच्या आसपास. आडवं सरकलं की गेलंच. हनुवटीखाली तर मी दोन महिने हातच लावला नाही, नुसते गाल.
आता आणखी एक अडचण. केस ज्या दिशेने वाढतात तिला काय म्हणायचं? माझ्या मानेवरचे खालून वर वाढतात, हे चाळिशीपर्यंत मला माहीतच नव्हतं!

इतवारी_जुना:
सुलटा हात, उलटा हात. वडील आधी सुलटा मारायचे, मग आडवा, आणि गिऱ्हाईकाला विचारून उलटा. लग्नाचा नवरदेव असला की न विचारता उलटा. वरून तुरटी.

तर्रीपोहे:
हे घेतलं! लेख उद्या द्यायचा आहे. पट्ट्याचं तूर्तास 'चमोट्यावर मारला' असंच ठेवतो.

सदाशिव३०:
मारतात तो दगड. ओढला म्हणा फार तर.

बर्डीवाला:
नागपुरात सगळं मारतातच. इस्त्री मारतो, झाडू मारतो, चक्कर मारतो.

सदाशिव३०:
इस्त्री करतात.

धंतोलीची_नात:
तुमचं चालू द्या. हे वाचून काल माळ्यावरची आजोबांची पेटी उघडली तर खाली एक वस्तरा निघाला, मुठीत पातं पार अडकून बसलंय, गंज पण आहे. १००० च्या दगडापासून सुरू करू का?

तर्रीपोहे:
थांबा, दगड नका लावू! आधी बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, जोर करून उघडू नका. गंज पाठीकडे असेल तर निघते, धारेवर खड्डे पडले असतील तर अवघड आहे. फोटो टाका.