'वेन्ट ऑन टू' म्हणजे नेमके कुठे गेल्या?

प्रश्न (शिक्षिका, अमळनेर तालुका)
प्रतिभाताई पाटील 1962 मध्ये जळगावातून आमदार झाल्या, 'अँड वेन्ट ऑन टू बिकम द प्रेसिडेंट ऑफ इंडिया', असे वाक्य मी आठवीच्या वर्गाला भाषांतरासाठी दिले होते. एका मुलाने लिहिले, 'आणि त्या भारताच्या राष्ट्रपती व्हायला गेल्या.' हे चूक आहे हे मला कळते. परंतु 'गो ऑन' म्हणजे 'चालू ठेवणे' असे मीच शिकवलेले असल्यामुळे, 'मग इथे काय चालू राहिले?' या त्याच्या प्रश्नावर मी निरुत्तर झाले.

उत्तर 1 (निवृत्त इंग्रजी शिक्षक, धुळे)
बाई, मुलाचा प्रश्न रास्त आहे. 'गो ऑन'नंतर 'आयएनजी' लावलेले क्रियापद आले तर तीच क्रिया सुरू राहते. 'टू' घेऊन क्रियापद आले तर एक गोष्ट आटोपून माणूस दुसरीकडे वळतो. 'ही वेन्ट ऑन टॉकिंग अबाउट कॉटन' म्हणजे ते कापसाविषयी बोलतच राहिले, आणि 'ही वेन्ट ऑन टू टॉक अबाउट कॉटन' म्हणजे केळीचा विषय संपवून ते कापसाकडे वळले. तुमच्या वाक्याला 'पुढे 2007 मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या' एवढे पुरते. 'पुढे जाऊन'मधले 'जाऊन' मला तरी अकारण वाटते. 'कॅरी ऑन'ला मात्र ही दुहेरी सोय नाही. 'चालू ठेवणे' या अर्थाने त्याला क्रियापद जोडायचे तर 'आयएनजी'च लागते.

उत्तर 2 (भुसावळ)
'टू'नंतर गावाचे नाव आले तर जाणे खरेच असते. आमच्या स्थानकातून एक मार्ग अकोल्याकडे आणि दुसरा खंडव्याकडे फुटतो, त्यामुळे 'धिस ट्रेन गोज ऑन टू नागपूर' म्हणजे ही गाडी पुढे नागपूरला जाते.

उत्तर 3 (पारोळा)
घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना 'बोलत राहिले' हे भाषांतर जपून द्यावे. आमच्याकडे 'तो बोली ऱ्हायना' म्हणजे तो आत्ता बोलत आहे, त्यामुळे माझी पुतणी 'ही इज टॉकिंग' आणि 'ही वेन्ट ऑन टॉकिंग' या दोन्हींचे मराठी एकच लिहीत असे. 'बोलतच राहिला' असा 'च' घालायला लावल्यावर तिचा घोळ मिटला.

प्रश्नकर्ती
उद्या कापसाची दोन्ही वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहिते, 'च'सकट. भुसावळची गाडी मात्र आठवडाभर थांबवून ठेवते.