नववीसाठी ‘सड्यावरचा काल्पनिक प्राणी’ : उत्क्रांती शिकवायचीय, चित्रकला स्पर्धा नको. मांडणी कशी करावी?

कातळफूल (प्रश्न)

नमस्कार. शाळा रत्नागिरी तालुक्यात, सड्याला (जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराला) लागूनच. नववीत ४५ मुलं. अनुकूलन सातवीत झालेलं असतं आणि आनुवंशिकता व उत्क्रांती दहावीच्या भाग २ मध्ये येते. मधल्या वर्षात पूर्वतयारी म्हणून ‘आपल्या सड्यावर जगू शकेल असा काल्पनिक प्राणी’ हा उपक्रम घ्यायचा आहे. ३५ मिनिटांच्या ४ तासिका आणि एका शनिवारची सकाळ मिळेल.

या उपक्रमाची नेहमीची पद्धत अशी असते: परिसराची माहिती द्यायची, मुलांनी प्राणी काढायचा आणि प्रत्येक अवयवाचा उपयोग लिहायचा. त्यात दोन अडचणी दिसतात. एक म्हणजे प्राण्याला पंख, विषारी दात, चिलखत, सगळंच मिळतं. दुसरी जास्त गंभीर: “पाणी मिळेना म्हणून प्राण्याने पाठीवर पिशवी तयार केली” अशी वाक्यं हमखास येतात. म्हणजे उत्क्रांती शिकवायला घेतलेल्या उपक्रमातूनच तिच्याविषयीचा सगळ्यात मोठा गैरसमज पक्का होतो. हे टाळायचं कसं? आणि गुण कशाला द्यायचे?

जांभा

मॅडम, दुसरी अडचण तुम्ही अचूक पकडलीत आणि तिचं मूळ उपक्रमाच्या रचनेतच आहे. मुलाला आधी परिस्थिती सांगायची आणि मग तिला साजेसा प्राणी ‘बनव’ म्हणायचं, म्हणजे गरज आधी आणि अवयव नंतर. निसर्गात क्रम उलटा असतो. पिल्लांमध्ये फरक आधीच असतात, परिस्थिती त्यांतून गाळून घेते. म्हणून मुलांच्या हातून ‘बनवणं’ काढून घ्या आणि ‘निवडणं’ द्या. बाकी सगळी मांडणी यातूनच निघते.

पूर्वज खरा आणि इथलाच घ्या. कोऱ्या कागदापासून सुरुवात केली की सहा पायांचे सरडे निघतात. सड्यासाठी पाल उत्तम. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर सुट्या दगडांखाली राहणारी, जमिनीवरच वावरणारी छोटी पाल खरोखर आहे (हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिॲटस), तेव्हा मुलांची कल्पना वास्तवापासून फार लांब जात नाही. पूर्वजाच्या कार्डावर एवढंच लिहा: चार पाय, तुटून पुन्हा येणारी शेपटी, एका वेळी २ अंडी, रात्री वावर, खाणं किडे. या यादीत नसलेला अवयव एकदम उगवणार नाही. असलेला अवयव लांब, आखूड, जाड, पातळ होऊ शकतो किंवा नाहीसा होऊ शकतो. पाय जाऊ शकतात हे मुलांना पटत नाही. तिथे देवगांडूळ दाखवा: बेडकांच्या नात्यातला, पण पाय नसलेला उभयचर.

५-५ मुलांचे ९ गट करा. प्रत्येक गटाला ३० फरक-कार्डं (जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची टिकतात), १ फासा आणि १० चिंचोके. चिंचोके म्हणजे त्या प्राण्याला मिळणारं अन्न. प्रत्येक कार्डावर किंमत असते, १ ते ३ चिंचोके, आणि फरक पुढच्या पिढीत गेला की ती कायमची वजा होते. उरलेल्या चिंचोक्यांतून अंडी. एकही उरला नाही तर अंडी नाहीत आणि वंश संपला. सर्वगुणसंपन्न प्राण्याचा प्रश्न इथेच मिटतो, वेगळं समजवावं लागत नाही. थोडी कार्डं उलट्या दिशेचीही ठेवा: ‘पाय जरा आखूड, १ चिंचोका परत’.

एक फेरी अशी. गट न बघता ३ कार्डं उचलतो. ही तीन भावंडं. समजा ‘अंग जरा चपटं’, ‘शेपटीत चरबी जास्त’ आणि ‘डोळे मोठे’ अशी आली. यानंतरच तुम्ही परिस्थितीचं कार्ड उघडायचं. ‘पाऊस २५ दिवस लांबला, किडे कमी’ निघालं तर चरबीवालं भावंड टिकतं. त्याऐवजी ‘सड्यावरच्या वाळल्या गवतातून वणवा गेला’ निघालं तर फटीत खोलवर शिरू शकणारं चपटं. भावंडं तीच, निकाल वेगळा. कोण सर्वांत जास्त पिल्लं मागे ठेवेल यावर गटाने २ मिनिटं वाद घालायचा आणि एका वाक्यात कारण लिहायचं. शेवटी फासा: १ पडला तर निवडलेलं भावंड अपघाताने मेलं, दुसरं पुढे. जगण्यात योगायोगाचाही वाटा असतो हे यातून येतं.

अशा ६ फेऱ्या. चित्र प्रत्येक फेरीनंतर काढायचं, पण आधीच्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून. त्यामुळे बदल आपोआप लहान राहतात. एक फेरी म्हणजे हजारो पिढ्या, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर सहा बाळंतपणांत नवी जात तयार होते असं मुलं धरून चालतात.

घोटाळा हमखास होतो तो क्रमाचा. एखादा गट परिस्थितीचं कार्ड आधी पाहतो आणि मग ‘बरं’ फरक-कार्ड शोधतो. ती गड्डी तुमच्या टेबलावरच ठेवा.

टिटवी

जांभा सरांच्या खेळाआधी एक तासिका ठिपक्यांना द्या. निवड म्हणजे काय हे मुलांनी आकड्यांत पाहिलेलं असलं की पुढचा वाद नुसत्या मतांचा राहत नाही.

साहित्य: एक मीटर लांब-रुंद नक्षीदार कापड, पंचिंग मशीन, चार रंगांचा कार्डपेपर (तांबडा, काळा, हिरवा, पांढरा). कापड साधं एकरंगी नको, उत्तर पहिल्याच मिनिटात कळतं. बारीक नक्षीची जुनी साडी किंवा चादर घ्या. सड्याचं रूप ऋतूनुसार बदलतं, म्हणून दोन कापडं हवीत: उन्हाळ्याच्या कातळासाठी काळपट-तांबूस आणि पावसाळ्यासाठी हिरवट.

प्रत्येक रंगाचे २० असे ८० ठिपके पसरा. चार ‘भक्षक’ मुलं पाठमोरी उभी. एकेकाने वळायचं, सर्वांत आधी दिसेल तो एकच ठिपका उचलायचा, पुन्हा पाठ फिरवायची. प्रत्येकी १५ झाले की थांबा. ६० गेले, २० उरले. प्रत्येक उरलेल्याला त्याच रंगाची ३ पिल्लं, म्हणजे पुन्हा ८०. तीन पिढ्या उन्हाळ्याच्या कापडावर, मग तेच ठिपके पावसाळ्याच्या कापडावर. दर पिढीला रंगवार मोजणी आणि स्तंभालेख. ४५ मुलांना दोन-दोन कापडांचे तीन संच पुरतात. राखीव ठिपके एका संचाला प्रत्येक रंगाचे १०० तरी हवेत. पंचमध्ये एका वेळी ५ कागद घातले तर १० ठिपके निघतात, मुलं मधल्या सुट्टीत पाडून ठेवतील.

चुकतं कुठे? पंखा चालू राहतो आणि पिढीच्या पिढी उडून जाते. घोटीव कागद वापरला तर मागची बाजू पांढरी असते, ठिपका उलटा पडला की गणित फसतं. दोन्ही बाजूंनी रंगीत कागदच घ्या. आणि मूग, राजमा, हरभरा अशी कडधान्यं बरेच जण वापरतात, ती टाळा. आकार वेगळे असतात, मुलं मोठा दाणा आधी उचलतात आणि निवड रंगावर झाली की आकारावर हे सांगता येत नाही.

दुसऱ्या कापडावर एखादा रंग आधीच नामशेष झालेला असतो, आणि धड्याचा गाभा तिथेच आहे. हिरव्याची गरज आता आहे, पण हिरवा उरलाच नसेल तर तो येणार कुठून? हा प्रश्न विचारा आणि थांबा. उत्तर मुलांना शोधू द्या.

शनिवारच्या सकाळबद्दल: सड्यावर तापमान मोजायला लावा. सकाळी ८ ला आणि ११ ला, उघड्या कातळावर, खोल फटीत आणि डबक्यात पाणी असेल तर त्यात. या तीन जागांतला फरक पाहिला की परिस्थितीची कार्डं मुलं स्वतःच लिहितात. पाऊस असेल तर दवबिंदू आणि सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती दाखवा. माती बोटभर आणि तीही निकृष्ट, म्हणून किड्यांतून नत्र मिळवणाऱ्या वनस्पतींना तिथे संधी आहे. दीपकाडी ही वनस्पती कोरड्या महिन्यांत कंदाच्या रूपात जमिनीखाली असते. पण दगड हाताने उलटू देऊ नका. जांभ्याच्या सड्यावर फुरसं दगडाखालीच बसतं. सगळ्यांना बूट, एकाच मोठ्या माणसाच्या हातात लांब काठी, मुलं चार पावलं मागे, आणि दगड होता तसाच परत ठेवायचा. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

निवटी

वरच्या दोन्ही गोष्टी पटल्या. एक मतभेद नोंदवते: सगळंच कार्डांवर सोपवलं तर कल्पनेला वाव उरत नाही. ३० पैकी १० फरक-कार्डं गटांना कोरी द्या. मुलांनी हवे ते फरक लिहावेत, किंमतही ठरवावी, पण ती दुसऱ्या गटाच्या गड्डीत जावीत. मग स्वतःच्या प्राण्याला सोयीचं लिहिता येत नाही आणि विचित्र कल्पनांनाही जागा मिळते.

आता भाषा. ‘तयार केली’, ‘शिकला’, ‘बदलून घेतलं’ ही क्रियापदं वहीत दिसली की खोडू नका, त्या वाक्याला चार प्रश्न विचारायला लावा. हा फरक आधीपासून काही पिल्लांत होता का? तो आईबापांकडून पिल्लांत जातो का? त्यामुळे पिल्लं जास्त उरली का? त्याची किंमत काय? “पाणी मिळेना म्हणून पिशवी तयार केली” हे पहिल्याच प्रश्नाला अडतं. दुरुस्त वाक्य लांब होतं, होऊ द्या: “काही पिल्लांची कातडी जन्मतःच जरा जाड होती, कोरड्या वर्षांत त्यांच्या अंगातलं पाणी कमी उडालं, त्यांची पिल्लं जास्त जगली, म्हणून पुढे जाड कातडीचे प्राणी वाढले.” इथला ‘म्हणून’ योग्य जागी आहे.

दुसरा प्रश्न मुलं पटकन सोडून देतात. त्यासाठी साताऱ्याच्या चाळकेवाडी पठाराचं खरं उदाहरण वापरा. तिथल्या सरड्याच्या प्रजातीला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला) शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नावच ‘सरडा’ दिलं: सरडा सुपर्बा. नराच्या गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा असतो. याच पठारावर पवनचक्क्या आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते, सरडे जास्त होते, माणूस बराच जवळ येईपर्यंत पळत नव्हते, आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके होते. वर्गात विचारा: ही उत्क्रांती आहे का? घाईने हो म्हणू नका. सरड्यांची गर्दी वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला अन्न कमी येतं, आणि निव्वळ त्यानेही रंग फिका पडू शकतो. फरक आनुवंशिक आहे की नाही हे कसं तपासाल? दोन्ही भागांतली अंडी सारख्याच परिस्थितीत वाढवून पाहू, हे उत्तर नववीची मुलं देऊ शकतात. ते आलं की उपक्रम सार्थकी लागला.

मुंबई-ठाण्याच्या किंवा खाडीकाठच्या शाळांनी सड्याऐवजी खारफुटी घ्यावी. पूर्वज निवटी: कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवणारा, ओल्या कातडीतूनही श्वास घेणारा, छातीच्या परांवर चिखलात सरकणारा मासा. परिस्थितीची कार्डं भरती-ओहोटीवर बसवा. सुमारे १२ तास २५ मिनिटांत एक चक्र, त्यात पाणी, चिखल, खारटपणा सगळं बदलतं. तिवराच्या पानावरचे मिठाचे कण मुलांना भिंगातून दाखवा. मीठ बाहेर टाकण्यालाही ऊर्जा लागते, म्हणजे चिंचोके लागतात.

कातळफूल

मनापासून आभार. दोन शंका. चारऐवजी तीनच तासिका मिळाल्या तर काय गाळू? आणि गुणांचं राहिलं.

जांभा

ठिपके गाळू नका, शेवटी प्राण्यांचं प्रदर्शन ठेवणार असाल तर ते गाळा. पहिली तासिका ठिपक्यांना, दुसरीत ३ फेऱ्या, तिसरीत ३ फेऱ्या आणि वंशवृक्ष. सड्याची ओळख शनिवारी होईलच.

वंशवृक्षासाठी गटांच्या जोड्या लावा. नववा गट कोणत्याही एका जोडीत तिसरा. जोडीतल्या गटांचा पूर्वज एकच, पण सडे वेगळे, मधे दरी, ये-जा नाही. सहा फेऱ्यांनंतर त्यांचे प्राणी शेजारी ठेवा आणि कोणत्या फेरीपासून ते वेगळे दिसू लागले ते शोधायला लावा. वेगवेगळ्या जाती कशा होतात ते इथे दिसतं. हे सड्यांवर खरंच घडतं: पिवळसर पट्ट्यांचा आंबोलीचा भेक २००९ मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला, त्याच्या प्रजातीत दोनच जाती आणि दुसरी कोयनेची.

गुण २० धरा. प्रत्येक फेरीचं कारण ६ (फेरीला १). चार प्रश्नांना उतरणारा एक सविस्तर परिच्छेद ६. कोणता फायदा कशाच्या मोबदल्यात मिळाला, याला ४. वंशवृक्ष २. चित्र २, त्याहून जास्त नको. नामशेष झालेल्या गटाचे गुण कापू नका. वंश का संपला हे नीट लिहिलं असेल तर त्यांना पूर्ण गुण मिळालेच पाहिजेत, आणि हे खेळ सुरू होण्याआधी वर्गात जाहीर करा. नाहीतर वंश वाचवायला मुलं चिंचोके लपवतात.

एक तपासणी मात्र सगळ्यांना सक्तीची: आकार. कुणी पाल मांजराएवढी केली तर हिशेब मांडायला लावा. लांबी दुप्पट झाली की हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. पाय तेच ठेवून चालत नाही, ते जाड करावे लागतात, म्हणजे आणखी चिंचोके. आणि तेवढ्या जिवाला रोज किती किडे लागतील, ते मे महिन्यात सड्यावर मिळतील का, हेही त्याच गटाने सांगायचं.